नोकरी, घर आणि ४२ किलोमीटर: पहिल्या मुंबई मॅरेथॉनची २० आठवड्यांची तयारी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून २० आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा पहिला आठवडा येतो. पाऊस अजून ओसरलेला नसतो, गणपतीची गडबड असते. पुढे नवरात्र, ऑक्टोबर हीट, दिवाळी, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई आणि शेवटी ऑफिसातलं वर्षअखेरचं काम. हा सगळा गोतावळा धरूनच तयारी आखावी लागते. मोकळा वेळ मिळाल्यावर सुरू करू म्हणणाऱ्याला तो २० आठवड्यांत एकदाही मिळत नाही.

आठवड्यातून चार दिवस, एकूण पाच ते सात तास देऊ शकणाऱ्या नोकरदार माणसासाठी हा आराखडा आहे. पहिल्या फुल मॅरेथॉनला एवढं पुरतं. सहा दिवस धावायचे प्लॅन इंटरनेटवर ढिगाने मिळतात. ते वाईट नसतात, पण दीड तास लोकलने येऊन-जाऊन त्यातला निम्माच होतो, मग अपराधी वाटून उरलेला रविवारी एकदम भरून काढला जातो, आणि दुखापत तिथेच होते.

सुरुवातीआधी काय जमायला हवं

सप्टेंबर उजाडताना १० किलोमीटर न थांबता, न धापा टाकता धावता यायला हवेत. त्याआधीचे दोन-तीन महिने आठवड्याला २० ते २५ किलोमीटर होत असावेत. एखादी हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, पूर्ण केलेली असेल तर उत्तम. फुलच्या नोंदणीला बहुधा आधीच्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट लागतं आणि नोंदणी शर्यतीच्या कित्येक महिने आधी उघडून भरूनही जाते, त्यामुळे नियम पावसाळ्यातच वाचून ठेवा. यातलं काहीच जमत नसेल तर यंदा हाफ धावा, फुल पुढच्या वर्षी.

वय चाळिशीपुढचं असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, किंवा बीपी, शुगर, सिगारेट यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना भेटून ईसीजी आणि त्यांनी सांगितल्यास स्ट्रेस टेस्ट करून घ्या. हिमोग्लोबिन, बी १२ आणि ड जीवनसत्त्व सगळ्यांनीच तपासावं. शाकाहारी मंडळींमध्ये बी १२ कमी निघणं आणि बायकांमध्ये लोह कमी निघणं फार सर्रास आहे. ‘हल्ली दम लागतो, पाय जड होतात’ ही तक्रार सराव वाढवून सुटत नाही, तिचं कारण बऱ्याचदा रिपोर्टमध्ये सापडतं. बायकांनी फेरिटिनही पाहावं. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो.

आठवडा कसा लावायचा

मंगळवार: ५० ते ७० मिनिटं. पहिले सहा आठवडे सगळं इझी, म्हणजे गप्पा मारता येतील इतक्या हळू, शेवटी २० सेकंदांचे चार-सहा स्ट्राइड्स, म्हणजे मोकळ्या पावलांनी थोडं जोरात पळणं. सातव्या आठवड्यापासून मधली २० मिनिटं टेम्पो, ती हळूहळू ३५ मिनिटांपर्यंत न्यायची. टेम्पोमध्ये दोन-तीन शब्द बोलता येतात, पूर्ण वाक्य येत नाही.

गुरुवार: ५० ते ६० मिनिटं. एक आठवडा इझी, एक आठवडा चढ. चढ ६० ते ९० सेकंदांचा, सहा ते दहा वेळा, उतरताना चालत. ठाणेकरांना येऊर आहे, पुणेकरांना टेकड्या आहेत, दक्षिण मुंबईत मलबार हिल आहे. फ्लायओव्हरवर पहाटेसुद्धा सराव करू नका, तिथे गाड्या सुसाट असतात आणि फुटपाथ नसतो.

शनिवार: ३० ते ४० मिनिटं, अगदी हळू. काही राहणार असेल तर हे राहू द्या.

रविवार: लाँग रन.

शिवाय सोमवार आणि शुक्रवारी घरातच २० मिनिटं ताकदीचे व्यायाम: स्क्वॉट १२ चे तीन सेट, ग्लूट ब्रिज (उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं) १५ चे तीन, एका पायावर पुढे वाकायचा डेडलिफ्ट आठ-आठचे तीन, प्लँक ४० सेकंद तीनदा. पायरीच्या कडेवर उभं राहून एका पायाने टाच उचलण्याचे प्रत्येक पायाचे १५ चे तीन सेट. टाच उचलण्याचा व्यायाम निम्मा गुडघा सरळ ठेवून आणि निम्मा गुडघा किंचित वाकवून करा. सरळ गुडघ्याने पोटरीचा वरचा स्नायू काम करतो, वाकवल्यावर आतला, आणि ३० किलोमीटरनंतर आधी दमतो तो बहुधा हा आतलाच. वजन नसेल तर पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी टाका.

पहाटेचं गणित असं बसतं: ४:५० ला उठणं, ५:१५ ला घराबाहेर, ६:२० ला परत. कपडे, मोजे, शूज, किल्ली, बाटली रात्रीच काढून ठेवा. हे साधं वाटतं, पण पहाटे मोजा शोधण्यात गेलेली दहा मिनिटं टेम्पोतूनच कापली जातात. आदली झोप पाच तासांहून कमी झाली असेल तर टेम्पो आणि चढ रद्द, त्याऐवजी इझी धावा किंवा सरळ झोपा. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी वारांचा विचार सोडून ‘झोपून उठल्यानंतरचे पहिले दोन तास’ धरावेत, आणि नाइट ड्युटी संपवून थेट लाँग रनला जाऊ नये. लोकलमध्ये उभं राहून केलेला प्रवासही पायांच्या हिशेबात धरा. संध्याकाळी तासभर उभं राहून आल्यावर चढांचा सराव नको.

लाँग रन

पहिल्या ते विसाव्या आठवड्यापर्यंतचे रविवार, किलोमीटरमध्ये:

१२, १४, १५, १०, १६,
१८, २०, १४, २२, २४,
१६, २६, २८, १८, ३०,
२२, ३२, २२, १४, शर्यत.

मध्येच आकडा खाली येतो तो आठवडा विश्रांतीचा. स्नायू भाराला लवकर सरावतात, पण स्नायूबंध आणि हाडं मागे राहतात, त्यांना पकडायला वेळ मिळावा म्हणून ही उतरण. ‘मस्त वाटत होतं’ म्हणून ती चुकवणारे बहुधा पुढच्या महिन्यात नडगीला बर्फ लावत बसलेले दिसतात. दिवाळी किंवा घरचं लग्न ज्या आठवड्यात येईल तिथे उतरणीचा आठवडा सरकवून घ्या, फक्त चढते आठवडे सलग तीनपेक्षा जास्त होऊ देऊ नका.

३२ किलोमीटर नाताळच्या सुमारास येतात, शर्यतीच्या बरोबर तीन आठवडे आधी. त्यापुढे जायची गरज नाही. तुमचा इझी पेस किलोमीटरला साडेसहा मिनिटांहून हळू असेल तर ३२ चा हट्टही नको. साडेतीन तास झाले की थांबा, अंतर कितीही भरो. साडेतीन तासांनंतर फायदा फारसा वाढत नाही, झीज मात्र वाढत जाते आणि पुढचा अख्खा आठवडा त्यात जातो. त्या रविवारच्या आदल्या शनिवारी ४० मिनिटांऐवजी सव्वा ते दीड तास हळू धावा, म्हणजे रविवारी दमलेल्या पायांनी सुरुवात होईल आणि शेवटच्या दहा किलोमीटरची ओळख होईल.

२८ आणि ३० च्या रविवारी शेवटचे सहा-आठ किलोमीटर शर्यतीच्या ठरवलेल्या पेसने धावून पाहा. मुंबईत राहणाऱ्यांनी निदान एक लाँग रन असा आखावा की तो संपता संपता हाजी अलीकडून पेडर रोड चढावा लागेल. मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो, पण परतीच्या वाटेवर, पाय रिकामे झालेले असताना पेडर रोड समोर येतो ही मुंबई मॅरेथॉनची जुनी खोड आहे. ताज्या पायांनी तो चढ किरकोळ वाटतो, ३५ किलोमीटरनंतर नाही.

तयारीत एखादी शर्यत घालायची असेल तर डिसेंबरातली हाफ सोयीची पडते. वसई-विरारची किंवा पुण्याची चालेल. सातारा हिल हाफ मॅरेथॉन सप्टेंबरच्या आसपास असते आणि यवतेश्वरचा घाट सुरेख आहे, पण परतीचा सगळा उतार मांड्या फोडतो. तिथे धावणार असाल तर वेळेच्या मागे लागू नका आणि पुढचा आठवडा उतरणीचा धरा.

वेग: इथेच बहुतेकांचं चुकतं

वेळ कमी आहे म्हणून प्रत्येक वेळी जोरात धावायचं, हा कामात बुडालेल्या माणसाचा लाडका तर्क. त्यातून इझी रन पुरेसा हळू होत नाही आणि टेम्पो पुरेसा जोरात होत नाही. आठवड्यातला ८० टक्के वेळ अशा वेगाने धावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील. एकटे असाल तर मोठ्याने बोलून पाहा. रामरक्षेच्या चार ओळी मध्ये श्वास न तुटता म्हणता आल्या तर पेस बरोबर. ऑक्टोबरात हाच इझी पेस उकाड्यामुळे ३० ते ४५ सेकंदांनी घसरतो. घड्याळाकडे बघून तो ओढू नका, डिसेंबरात आपोआप परत येतो.

शर्यतीची वेळ ठरवायला अलीकडच्या हाफची वेळ दुप्पट करा आणि पहिल्यांदा धावताय म्हणून २५ ते ३५ मिनिटं मिळवा. हाफ सव्वादोन तासांत झाली असेल तर फुलसाठी पाच तास ही प्रामाणिक अपेक्षा. पाच तास म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद, साडेचार तास म्हणजे ६:२४, चार तास म्हणजे ५:४१.

घड्याळ एक फसवणूक करतं ती आधीच माहीत असू द्या. उंच इमारती, वळणं आणि गर्दीतून आडवंतिडवं धावणं यामुळे शर्यत संपेपर्यंत घड्याळात ४२.५ ते ४२.८ किलोमीटर दिसतात. घड्याळाच्या ७:०६ वर विसंबलात तर पाच तास हुकतात. लक्ष्य सात मिनिटांच्या आसपास ठेवा आणि प्रत्यक्ष वेळ रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी ताडा.

पहिलटकरांना आमची शिफारस रन-वॉकची आहे: नऊ मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, अगदी पहिल्या किलोमीटरपासून. ६:५० च्या पेसने नऊ मिनिटं धावून एक मिनिट भराभर चाललं तर सरासरी ७:०३ पडते, म्हणजे पाच तासांच्या आत. चालण्यात कमीपणा मानणारे ३३ व्या किलोमीटरनंतर तसेही चालतात, फक्त तेव्हा ते त्यांच्या हातात नसतं. ही पद्धत वापरायची तर लाँग रनही तशीच करा.

आठवडा कोलमडला तर

कोलमडेलच. मग प्राधान्य असं: आधी लाँग रन, मग मंगळवार, मग गुरुवार, शेवटी शनिवार. दोनच दिवस मिळाले तर रविवार आणि मंगळवार करा. बुडालेला रन पुढच्या दिवशी जोडून भरपाई करायची नाही, तो गेला.

रविवारी कार्य असेल तर लाँग रन शुक्रवारी पहाटे किंवा सोमवारी सुट्टी असल्यास सोमवारी. मात्र लाँग रन आणि टेम्पो यांच्यात निदान एक पूर्ण दिवस मोकळा हवा. घरच्यांना २४ किलोमीटर आणि त्यावरच्या रविवारांच्या तारखा सप्टेंबरातच कॅलेंडरवर लिहून दाखवा. धावणं चार तासांचं असतं, पण नंतरची अंघोळ, जेवण आणि दुपारची झोप धरली तर अख्खा रविवार जातो, आणि घरातल्या तक्रारी येतात त्या त्या झोपेबद्दल. उरलेल्या रविवारी भाजी आणणं, मुलांचे क्लास हे तुम्ही उचला.

एक आठवडा बुडाला तर आराखड्यात आहात तिथून पुढे चला. दोन आठवडे बुडाले तर दोन रविवार मागे जा. नोव्हेंबरनंतर सलग तीन आठवडे गेले तर पूर्ण अंतर सोडून द्यायचा विचार करा.

ताप असताना आणि ताप उतरल्यावर निदान दोन-तीन दिवस धावू नका. विषाणूचा ताप अंगात असताना केलेल्या श्रमाने हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. डेंग्यू किंवा मलेरिया होऊन गेला असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय शूज घालूच नका. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे पुरतो आणि तो इच्छाशक्तीने जात नाही.

नवरात्राचे नऊ दिवस किंवा मार्गशीर्षातले गुरुवार कडक उपासाने करणाऱ्यांनी त्या दिवशी फक्त इझी रन ठेवावा. निर्जळी उपासाच्या दिवशी तोही नको. साबुदाणा खिचडीत पिष्ट भरपूर असतं, पण तेल-दाण्याच्या कुटामुळे ती पोटात बसून राहते, म्हणून धावायच्या आदल्या रात्री चालेल, सकाळी नको. उपासाच्या दिवशी धावण्याआधी केळं आणि खजूर बरे.

पाणी, मीठ, साखर

धावताना किलोमीटरमागे आणि किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला २,७०० च्या आसपास लागतात. यकृत आणि स्नायूंत साठवलेली साखर त्यातल्या १,८०० ते २,००० पुरवते. बाकी चरबीतून येते, पण चरबी हळू जळते आणि वेग वाढला की शरीर साखरच जास्त वापरतं. म्हणून सुरुवातीला जोरात गेलेला माणूस ३० ते ३५ च्या दरम्यान एकाएकी ठप्प होतो. धावणारे ज्याला ‘वॉल’ म्हणतात ती हीच.

उपाय: ४० ते ४५ मिनिटांनी पहिलं खाणं, पुढे दर अर्ध्या-पाऊण तासाने, तासाला एकूण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका एनर्जी जेलमध्ये (धावताना चोखायचं गोड, घट्ट पाकीट) साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, मध्यम केळ्यात तेवढीच, बिया काढलेल्या चार खजुरांतही जवळपास तेवढीच. मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या १०० ग्रॅममध्ये १७ ते २० ग्रॅम. चिक्की टाळा, दम लागलेला असताना ती चावता येत नाही आणि दाण्यांतलं तेल पचायला वेळ घेतं. जेल घेतल्यावर साधं पाणी प्या, गोड पेय नको, नाहीतर पोट ढवळतं. जे शर्यतीत खायचं ते १६ किलोमीटरच्या रविवारपासून खात जा, पोटालाही सराव लागतो.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. ओआरएस म्हणजे एनर्जी ड्रिंक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम, म्हणजे अर्ध्या जेलपेक्षा थोडं जास्त. ते मीठ आणि पाणी भरून काढायला उत्तम, पण फक्त त्यावर विसंबून ४२ किलोमीटर होत नाहीत. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घाला. अर्ध्या पाण्यात घट्ट केलेलं ओआरएस जुलाबाला आमंत्रण आहे.

किती पाणी प्यायचं हे मोजून ठरवा. एक तास धावायच्या आधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर घाम पुसून पुन्हा करा. वजन १ किलो उतरलं आणि वाटेत पाव लिटर प्यायलात, तर तुमचा घाम तासाला सव्वा लिटर. त्यातलं निम्मं ते दोन तृतीयांश धावताना भरून काढलं की पुरे. मुंबईच्या दमटपणात सव्वा लिटर काही विशेष नाही. उलट टोकही धोक्याचं आहे. पाच-सहा तास रस्त्यावर राहून प्रत्येक टेबलावर नुसतं पाणी ढोसत गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ, डोकं ठणकणं, गोंधळल्यासारखं होतं आणि बोटं सुजतात. शर्यतीनंतर वजन वाढलेलं असेल तर पाणी जास्त झालं. तहानेप्रमाणे प्या, घोटघोट.

शूज आणि कातडी

शूज संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि लाँग रनमध्येही ते तसेच सुजतात. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. ही जागा नसली की उतारावर बोट पुढे आपटून नख काळं पडतं. एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. या तयारीत ८०० च्या आसपास किलोमीटर होतात, त्यामुळे दोन जोड आलटूनपालटून वापरा. शर्यतीचा जोड आधी ५०-६० किलोमीटर आणि निदान एक २५ च्या वरचा लाँग रन झालेला असावा.

पावसात भिजलेले शूज उन्हात किंवा हीटरपुढे ठेवले की तळव्याचा गोंद सुटतो. आतला सोल काढा, शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. मोजे सुती नकोत. ओला सुती मोजा कातडीला चिकटतो आणि १५ किलोमीटरला फोड आलाच.

मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत, बायकांनी ब्राच्या पट्ट्यांखाली पेट्रोलियम जेली सढळ हाताने लावा. पुरुषांनी स्तनाग्रांवर कागदी टेप चिकटवावी. मेडल गळ्यात आणि टीशर्टवर रक्ताचे दोन डाग, अशी मंडळी दरवर्षी दिसतात. टेप कोरड्या कातडीवर आधी लावा आणि जेली नंतर, उलट केलं तर टेप टिकत नाही.

अंधारात धावताना वाहनांकडे तोंड करून धावा, चमकणारा पट्टा घाला, एक कान मोकळा ठेवा. कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, चालायला लागा, नजर न भिडवता बाजूने निघा.

दुखणं ओळखणं

दोन्ही पायांत सारखं, पसरलेलं, दुसऱ्या दिवशी कमी होणारं दुखणं सरावाचं. एकाच पायात, बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी, धावताना वाढत जाणारं दुखणं थांबायला सांगतं. हाडावर दाबल्यावर ठणकत असेल आणि त्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक तडा गेल्याची, शंका धरून ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलांना टाच टोचत असेल तर तळपायाच्या पडद्याची सूज, त्यासाठी टाच उचलण्याचे व्यायाम आणि घरातसुद्धा चप्पल. चाल बदलायला लावणाऱ्या कोणत्याही दुखण्यावर धावायचं नाही, एवढा नियम पाळलात तरी बरंच निभावतं.

धावण्याआधी किंवा धावताना वेदनाशामक गोळी घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि थांबायला हवं हे सांगणारी कळच दाबून टाकतात.

शेवटचे तीन आठवडे

३२ झाल्यावर टेपर, म्हणजे सराव टप्प्याटप्प्याने कमी करणं. एकूण अंतर पहिल्या आठवड्यात पाऊणपट, दुसऱ्यात निम्मं, तिसऱ्यात शर्यतीआधी २०-३० मिनिटांचे दोन-तीन रन. टेम्पो ठेवा पण तो छोटा करा, नाहीतर पाय सुस्तावतात. या दिवसांत नसलेली दुखणी जाणवतात, चिडचिड होते. राहून गेलेला लाँग रन आता करायचा नाही.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला शर्यतीआधीच्या एक्स्पोला (प्रदर्शनाला) स्वतः जावं लागतं, ओळखपत्र घेऊन. शक्य तर गुरुवारी-शुक्रवारी उरका. शनिवारी रांग मोठी असते आणि तीन-चार तास पायांवर जातात.

शेवटचे दोन दिवस किलो वजनामागे सात-आठ ग्रॅम कर्बोदकं घ्या, ६५ किलोला ४५० ते ५२० ग्रॅम. शिजलेल्या भाताच्या वाटीत ४०, एका पोळीत १५ ते २०, असा हिशेब धरला की कळतं, नेहमीपेक्षा बरंच जास्त लागतं. मऊ भात-वरण, बटाटा, पोहे, उपमा, केळी, गोड सरबत. उसळी, कोशिंबिरी आणि मसाल्याची भाजी दोन दिवस बाजूला ठेवा, पहाटे पोटाला त्रास नको. बाहेरची चटणी आणि पाणीपुरी अजिबात नको. वजन किलोभर वाढेल, ते साखरेबरोबर साठलेलं पाणी आहे. नखं चार-पाच दिवस आधी कापा. शनिवारी रात्री झोप लागली नाही तरी बिघडत नाही, म्हणून शुक्रवारची रात्र सांभाळा.

शर्यतीचा दिवस

फुल पहाटे पाचच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते. तीनच्या आत उठून ब्रेड-जॅम आणि केळं, किंवा जे लाँग रनआधी पचलं तेच, ६० ते ८० ग्रॅम कर्बोदकांइतकं. त्या दिवशी रेल्वे बहुधा खास लोकल सोडते, आदल्या आठवड्यात वेळापत्रक पाहून ठेवा. पोहोचल्याबरोबर आधी शौचालयाची रांग धरा, बाकी सगळं नंतर. बिब चार पिनांनी पुढे लावा, मागच्या बाजूला रक्तगट, औषधं आणि घरचा नंबर लिहा.

पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा १० ते १५ सेकंद हळू. गर्दी, अंधार, ताजे पाय, सगळं तुम्हाला पुढे ओढेल. पाच तासांच्या हिशेबाने १० किलोमीटर १ तास ११ मिनिटांनी, निम्मं अंतर अडीच तासांनी, ३० किलोमीटर ३ तास ३३ मिनिटांनी, ३५ किलोमीटर ४ तास ८ मिनिटांनी. २१ ला पाच मिनिटं पुढे असाल तर खूश होऊ नका, वेग कमी करा. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे पाच तासांत धावणाऱ्याचे पावणेतीन तास उजेडात आणि शेवटचे दोन तास चांगल्याच उन्हात जातात. टोपी सोबत ठेवा, पाण्याच्या टेबलांवर मानेवर आणि डोक्यावर पाणी ओता, पण शूजवर पडू देऊ नका.

पाण्याचं पहिलं टेबल सोडून शेवटच्या टेबलाकडे जा, तिथे गर्दी कमी असते. कप वरून चिमटून एका कोपऱ्यातून प्या. खाली पडलेल्या बाटल्या आणि झाकणांवर पाय पडला तर घोटा मुरगळतो. पेडर रोड चढताना पावलं छोटी, नजर दहा मीटर पुढे, हवं तर पूर्ण चढ चाला. त्यात जाणारी दोन-तीन मिनिटं वाचवायला गेलात तर चौपाटीच्या सपाट रस्त्यावर दामदुपटीने द्याल. पोटरीत गोळा आला तर थांबा, पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढा, मिठाचं पाणी प्या, पाच मिनिटं चाला.

छातीत दुखणं, चक्कर, घाम एकाएकी थांबून अंगावर काटा येणं, दिशाभूल झाल्यासारखं वाटणं, यांपैकी काहीही झालं तर जवळच्या मेडिकल स्टेशनवर जा.

रेषा ओलांडल्यावर बसू नका, १० ते १५ मिनिटं चालत राहा, नाहीतर रक्तदाब उतरून भोवळ येते. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात केळं, दूध किंवा ताक, आणि भूक लागली की साधं जेवण. सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा, आणि नसेल मिळत तर स्टेशनचे जिने कठडा धरून उलटे उतरा, मांड्या कमी दुखतात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा दिवसभर झालीच नाही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पहिला आठवडा फक्त चालणं, दुसऱ्या आठवड्यात २०-३० मिनिटांचे दोन-तीन हलके रन, आणि टेम्पो फेब्रुवारीच्या मध्यानंतर.